गाडी जाईपर्यंत सगळं माफ

रुळाला लागूनच होतं आमचं मैदान,
तिसऱ्या गेटापासून हाकेवर.
मोजून घेतलेलं नव्हतंच कधी.
एक कॉर्नर बोरीत शिरायचा,
दुसरा गुंडू गवंड्याच्या विटांच्या ढिगात.
गवत फक्त थ्रो-इनच्या कडेला,
बाकी तांबडी माती,
घरी आईपुढं खोटं बोलू न देणारी.

पाच दहाची मिरज पॅसेंजर आली
की रेफ्रीची शिट्टी ऐकूच यायची नाही.
म्हणून कधीतरी ठरलं,
कागदावर नाही, ठरलं इतकंच:
गाडी जाईपर्यंत सगळं माफ.
चौदा डबे.
चौदा डब्यांत काय काय उरकून घ्यायचे गडी!
कोपर, जर्सीची ओढाताण,
गेल्या दिवाळीचा राहिलेला हिशेब,
आणि कडेला उभ्या आमच्या शिव्या,
मराठीत सुटून
कन्नडमध्ये वळण घेऊन
कोकणीत गोल होणाऱ्या.

एकदा पास्कूचा शॉट
उघड्या वाघिणीत पडला आणि लोंड्याला गेला.
दुसऱ्या दिवशी गार्डानं बॉल आणून दिला,
म्हणाला, हवा कमी झालीय, बाकी ठीक.
पास्कू मरेपर्यंत सांगायचा,
माझ्याएवढी लांब किक
या जिल्ह्यात कुणी मारून दाखवा.

मी फौंड्रीत पॅटर्न करतो, लाकडाचे.
वाळूत पॅटर्न दाबायचा, अलगद उचलायचा,
मागं राहते त्या पोकळीत लोखंड ओततात.
हे सांगतोय कशाला,
तर पाण्याच्या टाकीला पाठ लावून
एकतीस वर्षं उभा होतो मी.
डावीकडं दस्तगीर, उजवीकडं पास्कू.
पास्कू गेला, त्याची जागा
कुणी राखली नाही,
कुणी घेतलीही नाही.
गेल्या महिन्यात टाकी पाडली.
रेल्वेला दुसरी लाइन टाकायचीय म्हणे.

आता स्टेडियम हायवेला, काकतीच्या पुढं.
चांगलं आहे. खोटं कशाला बोलू?
दिवे आहेत, संडास आहेत,
बायकांचे वेगळे, त्यात पाणीसुद्धा येतं.
माझी पुतणी शैला पहिल्यांदाच मॅचला आली
आणि माझ्यापेक्षा जोरात ओरडली.
बाहेरच्या पाटीवर मात्र अजून कापड.
कुठली लिपी वर, कुठली खाली,
ते मिटायचंय.
तोवर रिक्षावाल्यांनी नाव ठेवून टाकलं:
कापडाला कोण? कापडाला? सीट तीस!

मला मिळाली सी एकशे सतरा.
पाठीला प्लास्टिक.
दस्तगीरला डी चाळीस,
तो कुणाशी तरी बदलून माझ्या ओळीत आला.
मधली एक खुर्ची मोकळी सोडून बसलो
तर टोपीवाला पोरगा म्हणाला,
काका, सरका की, ती विकलीय.
सरकलो.

आमचा नवा विंगर, कंग्राळीचा बसलिंग,
दहा फूट घसरला
आणि उठला तर गुडघे स्वच्छ.
पडला होता की नव्हता,
कसं ओळखायचं आता?
दोन-शून्यनं पुढं होतो आम्ही.
टाळ्याही वाजवल्या.

मग पाच दहा झाले.
आमच्यातले जुने दहा-बाराजण
कुणी न सांगता गप्प झाले.
खाली परशरामनं, आमच्या म्हाताऱ्या स्टॉपरनं,
नेमकी तेव्हाच
समोरच्याची जर्सी मुठीत धरली.

शिट्टी.
इतकी स्पष्ट, की दचकलो.
पिवळं कार्ड.
परशराम वर आमच्याकडं बघत राहिला,
जणू काहीतरी आणायचं होतं
आणि आम्हीच घरी विसरून आलो.

दस्तगीर चष्मा पुसत पुटपुटला,
आज लेट हाय बे गाडी.